हायब्रीड नको गं बाई

न्युरेम्बर्ग
९ मार्च २०२५

प्रिय आत्या,

फोनवर तुझं कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं आणि तू वैतागून फोन ठेवून देतेस, म्हणून शेवटी कागद-पेन घेतलं. आपल्या घरातली सगळ्यात जुनी ड्रायव्हर तू. बाबांना विचारलं तर म्हणतात, "तुमचं तुम्ही बघा." यशोधनला विचारलं की तो यूट्यूब लावून बसतो. नवरा म्हणून चांगला आहे गं, पण सल्लागार म्हणून काही उपयोगाचा नाही.

आम्हाला गाडी घ्यायची आहे. नेहमीची नाही, मागे उघडा हौदा असलेली. पिकअप म्हणतात ती. दोन बघून ठेवल्यात. एक मध्यम आकाराची, डिझेलची, तुझ्या मॅटाडोरपेक्षाही उंच. यशोधनचा सगळा जीव हिच्यावर. शोरूममध्ये तिच्या बॉनेटवरून असा हात फिरवत होता, जसा काही बैलबाजारात आलाय. दुसरी आटोपशीर, हायब्रीड. एक डीलर ती अमेरिकेतून मागवून इथे विकतो. हौदा आखूड आहे, पण माझ्या कामाला पुरेल असं वाटतं.

शनिवारी थोडं सामान न्यायचं असतं. पोती, मोठा लोखंडी तवा, टेबलं, एक तंबू. बाकी सविस्तर नंतर लिहीन.

तू इतकी वर्षं मॅटाडोरमधून ज्वारीची पोती सोलापूरला नेलीस. मी सुट्टीत शेजारी बसायचे आणि तू माझा हात गिअरवर ठेवून वरून आपला दाबायचीस. तर सांग, मोठी घेऊ की लहान? तुझं उत्तर आल्याशिवाय मी काही ठरवणार नाही.

अन्वीने नमस्कार सांगितलाय. म्हणजे मी विचारलं, "आजीला नमस्कार कळवू ना?" आणि ती "जा" म्हणाली.

तुझी
ज्ञानदा


मंगळवेढा
३० मार्च २०२५

ज्ञानू,

पत्र वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं, कारण मला वाटलं अक्षर लागत नाहीये. हायब्रीड? अगं, हायब्रीड? मंगळवेढ्याच्या घराण्यातली पोर तू!

हायब्रीड म्हणजे काय ते आम्ही खाल्लंय बाई. मी शाळेत असताना सरकारी माणूस जीपमधून ज्वारीचं बियाणं घेऊन आला. गावाने हौसेने पेरलं. कणसं ही एवढाली, दृष्ट लागावी अशी. आणि भाकरी? सकाळी थापली की दुपारी चामडं. एक पाऊस पडला तर दाणा काळा. गुरंसुद्धा कडबा हुंगून तोंड फिरवायची. माझ्या वडिलांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, त्याच दिवशी उंबऱ्यात उभं राहून सांगितलं, या घरात हायब्रीडचा दाणा परत येणार नाही. आजतागायत आला नाही. आपल्याकडे मालदांडी, आणि मालदांडीच.

वरून मोठं आणि आत पोकळ, त्याला हायब्रीड म्हणतात. तुझी तर वरूनही लहान! मग त्यात राहिलं काय?

डोळे झाकून मोठी घे. चढून बसावं लागत असेल तर चढ. मी लुगडं सावरून चढत होते, तू तर पॅन्ट घालतेस. आणि मागे नाव घाल. माझ्या मॅटाडोरवर ह्यांनी "कुसुम" लिहून घेतलं होतं, लाल रंगात, दोन्ही बाजूंना कमळ. ज्या गाडीच्या मागे काही लिहिलेलं नाही ती गाडी कुणाची म्हणायची?

पण मला एक कळेना. इंजिनिअर बाईला पोती आणि तवा कशाला लागतो? मी महिला मंडळात सांगत असते, माझी भाची जर्मनीत रेल्वेचे सिग्नल सांभाळते, हिने बटण दाबल्याशिवाय गाडी हलत नाही. शेजारच्या यमुनाबाईचं तोंड बघण्यासारखं होतं. आता काय सांगू, भाची पोती वाहते?

आणि तुझी लेक. मागे फोनवर विचारलं, जेवलीस का गं? म्हणाली, "जा." बरी आहेस ना? "जा." शाळेत जातेस का? "जा, जा!" मी काय तिच्या दारात भीक मागायला उभी होते? तुझा बाप, चंदू म्हणाला, जर्मनमध्ये "जा" म्हणजे हो. असेल बाई. पण मराठी घरातल्या पोरीला "हो" म्हणता येऊ नये? हायब्रीड झाली पोरगी, दुसरं काय.

पोत्यांचं काय ते आधी कळव.

तुझी आत्या


न्युरेम्बर्ग
२१ एप्रिल २०२५

आत्या,

आधी हसून घेतलं. गाडीतलं हायब्रीड ते ज्वारीतलं हायब्रीड नव्हे गं! हिच्यात पेट्रोलचं इंजिन असतं आणि बॅटरीवरची मोटरही असते. हळू जाताना मोटर, जोर लागला की इंजिन, चढावर दोघं मिळून. ब्रेक मारला की बॅटरी आपोआप थोडी भरते. पोकळ काही नाही.

आता पोती. बसून वाच.

मी नोकरी सोडली. दिवाळीनंतर लगेच. बाबांना माहीत होतं, मीच त्यांना तुला सांगू दिलं नाही. मी भाकऱ्या विकते. इथे वस्त्या-वस्त्यांतून आठवड्याचा बाजार भरतो, वोखेनमार्क्ट. तिथे दर शनिवारी माझा ठेला असतो. ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी आणि जरा बेताचा ठेचा. इथे कितीतरी लोकांना गहू सोसत नाही. त्यांनी पहिल्यांदा भाकरी खाल्ली तेव्हा त्यांचे चेहरे बघायला तू हवी होतीस. रांग लागते आत्या, थंडीत हात चोळत उभे असतात. एक आजीबाई तर प्रत्येक घासाला "गेनाऊ झो!" म्हणतात, अगदी अस्संच हवं. आतापर्यंत एका मित्राची व्हॅन मागून आणत होते. तो आता हॅम्बर्गला निघालाय, म्हणून ही गाडीची घाई.

सिग्नलचं काम वाईट नव्हतं. पण मी केलेलं कुणी चाखून "वा" म्हटलंय, असं तिथे कधी झालं नाही.

ठेला चालो न चालो, ते मी निस्तरीन. मला भीती एकाच गोष्टीची आहे. तू मंडळात माझ्याविषयी छाती पुढे काढून सांगतेस. आता तुझी मान खाली जाईल का? तेवढं खरं सांग.

आणखी एक. अन्वीला हायब्रीड म्हणू नकोस. तुझं पत्र मी मोठ्याने वाचत होते, ती मागे उभी आहे हे मला कळलंच नाही. मराठी तिला सगळं समजतं. रात्री झोपताना तिने जर्मनमध्ये विचारलं, "आजी मला खराब ज्वारी म्हणाली का?"

तुझी
ज्ञानदा


न्युरेम्बर्ग
१५ जून २०२५

आत्या,

तुझं उत्तर नाही. बाबा म्हणतात तू ठणठणीत आहेस, शेतावर जातेस, फक्त माझा विषय निघाला की कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवतेस. म्हणजे रागावलीस. बरं, राग. मी आपली लिहीत राहते.

दोन्ही गाड्या चालवून बघितल्या. आधी मोठी. काय रुबाब आहे गं तिचा! रस्त्यातले लोक वळून बघत होते आणि यशोधन शेजारी बसून स्वतःच चालवत असल्यासारखा हसत होता. मग आम्ही तिला माझ्या स्वयंपाकघरापाशी नेलं. मी भाड्याने घेतलेलं स्वयंपाकघर एका जुन्या इमारतीच्या मागच्या अंगणात आहे, आत जायला दगडी कमान. आरसे मिटले, श्वास रोखला, तरी ती आत जाईना. यशोधन खाली उतरून "अजून थोडी, अजून थोडी" करत होता. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या फ्राउ क्रेमर खिडकीत आल्या आणि नुसतं बघत राहिल्या. तेवढं पुरलं.

लहान गाडी कमानीतून सुळकन आत गेली. पोती, तवा, टेबलं, सगळं हौद्यात मावलं. पहाटे निघताना ती बॅटरीवर सरकते, आवाजच नाही, म्हणजे फ्राउ क्रेमर दारावर तक्रारीची चिठ्ठी चिकटवणार नाहीत. बाजारात जनरेटर लावायला मनाई आहे. हिच्या हौद्यातच प्लग आहे, त्यावर माझे दिवे आणि वजनकाटा चालतो. मला ती आवडली आहे, लपवून काय करू?

तरी सही केलेली नाही. डीलर सारखा विचारतोय. मी सांगितलं, भारतातून परवानगी यायची आहे. त्याला वाटलं एखादं सरकारी खातं असेल.

ज्ञानदा


मंगळवेढा
६ जुलै २०२५

ज्ञानू,

रागावले होते. कशावर ते ऐक.

भाकरीवर नाही. मॅटाडोरमधून ज्वारी विकून ह्यांच्या माघारी घर उभं केलं मी. भाची भाकरी विकते म्हणून त्या बाईची मान खाली जाईल? असं तुझ्या मनात आलंच कसं? एवढीच ओळखलीस का मला? वाचलं आणि अंगाचा तिळपापड झाला. दुसरं म्हणजे, भाकरी आणि तू? सुट्टीत तू थापलेली भाकरी देशाच्या नकाशासारखी व्हायची, कडेने फाटलेली. ती आता जर्मन लोक रांगेत उभे राहून खातात आणि मला कुणी सांगितलंही नाही!

आणि खरा राग माझ्यावरच होता. त्या लेकराला मी काय बोलून बसले. ते लिहायला हात उचलत नव्हता, म्हणून उशीर झाला.

मंडळात सांगितलं. उभी राहून सांगितलं. यमुनाबाई म्हणाली, "अगंबाई, एवढं शिकून भाकऱ्याच?" मी म्हटलं, "तुझी सून पुण्यात भाकरी विकत आणते. माझी भाची जर्मनांना विकते. आता तूच सांग कोण पुढे गेलं." मग ती चहाही प्यायली नाही.

पण हायब्रीड नको म्हणजे नको. तू इंजिन-मोटर काहीही सांग, नावच वाईट. कमान लहान असेल तर स्वयंपाकघर बदल. वडिलांचा शब्द आहे तो, मी मोडणार नाही आणि तुलाही मोडू देणार नाही.

आणि ज्वारी कुठली वापरतेस गं? जर्मनीत ज्वारी कुठून आली? चंदू आता तुमच्याकडे येतोय, ऑगस्टमध्ये परत येईल, त्याच्याबरोबर पीठ पाठव. मी थापून बघितल्याशिवाय माझं समाधान व्हायचं नाही.

आत्या


न्युरेम्बर्ग
१७ ऑगस्ट २०२५

आत्या,

पीठ बाबांच्या बॅगेत आहे, त्यांच्या बनियनांच्या मध्ये. रागावू नकोस, पिशवी चांगली बंद केली आहे.

ज्वारी इथलीच. शहराबाहेर हेर विंकलर म्हणून शेतकरी आहेत. हल्ली इकडचे उन्हाळे कोरडे जातात, मक्याला पाणी पुरत नाही, म्हणून त्यांनी ज्वारी लावून बघितली. इथे ज्वारी कोंबड्यांना घालतात, म्हणून मी पोतं मागायला गेले तर म्हणाले, "किती कोंबड्या आहेत तुमच्याकडे?" मग त्यांच्याच स्वयंपाकघरात भाकरी करून घातली. आता दर शनिवारी त्यांच्या बायकोसाठी डबा जातो.

खा आणि मग लिही. तोवर मी काहीच बोलत नाही.

ज्ञानदा


मंगळवेढा
८ सप्टेंबर २०२५

ज्ञानू, ज्ञानू, ज्ञानू!

अगं काय पाठवलंस तू! चंदू आला, पाणीसुद्धा विचारलं नाही त्याला, आधी पीठ काढायला लावलं. पांढरं शुभ्र. आधण ठेवलं, मळलं, थापली, तव्यावर टाकली. टम्म फुगली गं! पापुद्रा असा सुटला की वाफेने चष्मा धूसर झाला. मालदांडी! जर्मनीत मालदांडी! जरा चिकटपणा कमी वाटला, पण तो तिकडच्या गिरणीचा दोष, दाण्याचा नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या मंडळाला बोलावलं. वांग्याचं भरीत, लोणी आणि तुझी भाकरी. मी सांगितलं, "बायांनो, ओळखा कुठली." एकीने कुठल्याशा शेजारच्या गावाचं नाव घेतलं, दुसरी म्हणाली, "आपल्याच शिवारातली." मी म्हटलं, "जर्मनीची! माझ्या भाचीने पिकवून घेतली! अस्सल दाणा कुठेही गेला तरी अस्सल." यमुनाबाईने तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि वर चटणी मागितली. असा दिवस माझ्या आयुष्यात क्वचित आला असेल.

तुझ्या त्या विंकलरला माझा नमस्कार सांग. त्याला म्हणावं, मालदांडी ओळखणारा माणूस तिकडेही आहे हे बघून बरं वाटलं.

आत्या


न्युरेम्बर्ग
२५ सप्टेंबर २०२५

आत्या,

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात बसून पुन्हा पुन्हा वाचलं. आनंदाने रडले, मग हा कागद पुढे ओढला. आता सांगितलं नाही तर कधीच सांगता येणार नाही.

ती मालदांडी नव्हती. मालदांडी रब्बीची, इथल्या हवेत ती पिकतच नाही, दाणा भरण्याआधीच थंडी पडते. हेर विंकलर पेरतात ते बियाणं हायब्रीड आहे. इथे जी ज्वारी होते ती हायब्रीडच होते.

तू सगळ्यांसमोर ती अस्सल म्हणालीस, आणि यमुनाबाई तिथेच होत्या. तुझी फजिती करायची म्हणून पाठवली नव्हती गं. नाव न सांगता तुला आवडते का, एवढंच मला बघायचं होतं.

गाडी अजून घेतलेली नाही. डीलरने या महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हटलंय, पण नसेल थांबत तर न थांबो. तू नाही म्हणालीस तर मी भाड्याची व्हॅन बघेन. आजोबांचा शब्द मोडून मला त्या गाडीत बसायचं नाही.

ज्ञानदा


मंगळवेढा
१६ ऑक्टोबर २०२५

ज्ञानू,

पत्र वाचलं आणि पिठाचा डबा उघडला. थोडं उरलं होतं. टाकून द्यायला डबा उचलला, दारापर्यंत गेले. मग परत आले आणि भाकरी केली. एकटीनेच खाल्ली, नुसत्या मिठाबरोबर, म्हणजे कशाचा आडोसा नको. चांगली होती. काय करणार? जीभ खोटं बोलेना.

एवढ्या वर्षांनी या घरात हायब्रीडचा दाणा आला आणि मीच तो थापला. वडिलांच्या फोटोसमोर उभी राहिले. ते असते तर रागावले असते, पण दोन भाकऱ्या खाऊन झाल्यावर रागावले असते, एवढं मी त्यांना ओळखते.

मंडळात जाऊन सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं. यमुनाबाई टाळी देत म्हणाली, "कुसुम हायब्रीडला फसली!" मी म्हटलं, "फसले नाही, जेवले. आणि तू तीन खाल्ल्यास." सगळ्या एवढ्या हसल्या की तीही हसली. घरी येताना मला माझाच अभिमान वाटत होता, आता बोल!

घे ती गाडी. लहान घे, हायब्रीड घे, आणि ताठ मानेने चालव. मोठी गाडी जिथे अडकली तिथून आपली आत गेली, मला तर हे वाचल्यापासून पटलं होतं. नावापाशी घोडं अडलं होतं.

पण मागे लिहायचंच. सोबत कागद जोडलाय. दुकानातलं अक्षर नको, माझ्या हातचं आहे तसंच मोठं करून घे. "मंगळवेढ्याची हायब्रीड." बाजूला कमळं. आधी अन्वीला दाखव, तिला पसंत नसेल तर कागद फाडून टाक आणि मला कळव. एकदा तोंडातून गेलेलं नाव मला परत घेता येत नाही बाळा, पण मोठ्या अक्षरात, चांगल्या अर्थाने लिहिता येतं.

आत्या


न्युरेम्बर्ग
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्या,

गाडी घरी आली. डीलर थांबला होता, म्हणाला, "तुमच्या खात्याकडून परवानगी आली वाटतं." मी म्हटलं, "आली, सही-शिक्क्यासकट."

तुझं अक्षर जसंच्या तसं मागच्या फळीवर आहे. लाल रंगात. इथल्या रंगाऱ्याने देवनागरी पहिल्यांदाच काढली, तुझ्या "ढ"ची गाठ त्याने इतकी जपून काढली की मला त्याला भाकरी खाऊ घालावी लागली. कमळं मात्र कोबीसारखी झालीत. यशोधन आता सगळ्यांना सांगतो की लहान गाडी घ्यायची कल्पना त्याची. नंबरप्लेटवर दोन अक्षरं आपल्या पसंतीची मिळतात, ती मी तुझ्या नावाची घेतली, के आणि यू. काल बाजारात पहिल्यांदा नेली. पहाटे दिवे लागले, तवा तापला, रांग लागली. गेनाऊ झोवाल्या आजीबाई भाकरी घ्यायच्या आधी गाडीभोवती एक चक्कर मारून आल्या.

कागद अन्वीला आधी दाखवला होता. ती बराच वेळ अक्षरांवरून बोट फिरवत वाचत राहिली. मग रंगाऱ्याकडे माझ्याबरोबर आली आणि अक्षरं पूर्ण होईपर्यंत हलली नाही. खालचं तिने स्वतः लिहिलंय. मी एकही अक्षर सुधारलेलं नाही.

तुझी
ज्ञानदा

आत्याआजी, बाजारात लोक विचारतात गाडीवर काय लिवलंय. मी सांगते माझं नाव आहे. आणि हो, मी जेवले.
अन्वी